घोकणें आणि आठवणें

फेब्रुवारीचा महिना लागला कीं, महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या घरांतून रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळूं लागतात. दहावीची परीक्षा जवळ आलेली असते. मुलगा पुस्तक उघडून बसलेला असतो. तोच धडा तिसऱ्यांदां, चौथ्यांदां वाचला जात असतो. महत्त्वाच्या ओळींखालीं रंगीत रेघा ओढलेल्या असतात. आई मधून मधून डोकावून जाते आणि पोर अभ्यास करीत आहे हें पाहून तिच्या जिवाला बरें वाटतें. पोरालाही बरें वाटत असतें, कारण चौथ्या वाचनाच्या वेळीं धडा ओळखीचा वाटूं लागलेला असतो. मग एके दिवशीं प्रश्नपत्रिका हातीं पडते, आणि त्या ओळखीच्या धड्यांतील एकही गोष्ट नेमकी आठवत नाहीं. अशा मुलाविषयीं घरांत व शाळेंत जो निवाडा होतो तो ठरलेला आहे : एक तर त्यानें अभ्यास केला नाहीं, किंवा त्याला डोकेंच नाहीं. पुष्कळदां हे दोन्ही निवाडे खोटे असतात. अभ्यास झालेला असतो, डोकेंही असतें. चुकलेली असते ती अभ्यासाची रीत.

'घोकंपट्टी' हा शब्द मराठींत फार दिवसांपासून शिवीसारखा वापरला जातो. शिक्षणसुधारकांच्या प्रत्येक पिढीनें तिच्यावर कोरडे ओढले आहेत, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु टीका करणारांनीं बहुधा असें गृहीत धरलें कीं, पाठ करणें आणि समजणें यांचें हाडवैर आहे. मानसशास्त्राचा पुरावा पाहिला तर घोकंपट्टीचा खरा दोष दुसरीकडेच सांपडतो. घोकणारा मुलगा डोळ्यांपुढें पुस्तक ठेवून तेंच तें म्हणत असतो. पुस्तक मिटून, मनांत हात घालून, आंतला मजकूर बाहेर काढण्याचा प्रसंग तो स्वतःवर येऊंच देत नाहीं. तो सारखा सांठवीत असतो. काढण्याचा सराव त्याला कधींच होत नाहीं. आणि परीक्षेंत काय, व्यवहारांत काय, काम पडतें तें काढण्याचेंच.

स्मृतीचें मोजमाप होऊं शकेल ही कल्पना एकोणिसावें शतक सरत येईपर्यंत फारशी कोणाला सुचली नव्हती. ती अमलांत आणून दाखविली हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानानें. त्याचें स्मृतीवरील छोटेखानी पुस्तक १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. प्रयोगासाठीं त्यानें दुसरा माणूस घेतलाच नाहीं. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा तोही तोच. अर्थपूर्ण शब्द घेतले तर जुन्या ओळखीचा फायदा मिळणार, म्हणून त्यानें दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून सुमारें २,३०० निरर्थक अक्षरसमूह बनविले. मराठींत 'झेग', 'थुम', 'बेख' असें कांहीं तरी बोलावें, तशांतलेच ते. त्यांच्या ओळी करून, मिनिटास १५० ठोके पडतील अशा ठेक्यावर तो त्या वाचीत असे आणि न चुकतां म्हणतां येईपर्यंत थांबत नसे. मग कांहीं काळ जाऊं देऊन तीच ओळ पुन्हां पाठ करावयाची, आणि या खेपेस पहिल्यापेक्षां किती वेळ वांचला तें पाहावयाचें. वांचलेला वेळ म्हणजे मनांत शिल्लक राहिलेला ठेवा, असा त्याचा हिशेब. अर्थहीन अक्षरें पुटपुटत बसणारा हा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेडा वाटला असल्यास नवल नाहीं.

हिशेबाचे आंकडे मात्र शहाण्यांना विचार करावयास लावणारे निघाले. पाठ केल्यानंतर सुमारें वीस मिनिटांनीं शिल्लक ५८ टक्के. एका तासानें ४४. एका दिवसानें ३४. सहा दिवसांनीं २५. आणि एका महिन्यानें २१ टक्के. विस्मरणाची घसरण पहिल्या कांहीं तासांत कडा कोसळावा तशी होते, आणि पुढें ती हळूहळू सपाटीस लागते. २०१५ सालीं आम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं हाच खटाटोप पुन्हां करून पाहिला, तेव्हांही वक्ररेषा बहुतांशीं तशीच उमटली.

एबिंगहाउसचा दुसरा शोध शिक्षकाच्या दृष्टीनें याहून मोलाचा आहे. बारा समूहांच्या ओळीची एकाच दिवशीं लागोपाठ ६८ वेळां उजळणी केली असतां दुसऱ्या दिवशीं जेवढा लाभ दिसे, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ उजळण्यांनीं होई. निम्म्याहून थोड्याच अधिक श्रमांत तेंच फळ ! आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्या मुलाचा व्यवहार किती तोट्याचा आहे हें यावरून कळतें. दुर्दैव असें कीं, जागरण दुसऱ्या दिवशींच्या पेपरापुरतें निभावून नेतें, आणि म्हणूनच ती संवय मोडत नाहीं. पुढच्या इयत्तेंत गेल्यावर 'मुलें मागचें सगळें विसरून आलीं आहेत' अशी जी हाकाटी दरवर्षीं जून महिन्यांत शिक्षकांच्या खोलींत ऐकूं येते, तिचा उगम या रात्रींत आहे.

याच पुस्तकांत आणखी एक नोंद आहे, आणि ती घोकंपट्टीच्या टीकाकारांना आवडेल. इंग्रज कवि बायरन याच्या 'डॉन जुआन' या काव्यांतील कडवीं एबिंगहाउसनें पाठ करून पाहिलीं. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराला जितक्या आवृत्त्या लागत, त्यांच्या सुमारें एकदशांशांतच तीं पाठ झालीं. अर्थ, वृत्त, यमक हीं सारीं स्मरणाचा भार उचलूं लागतात. समजलेलें लौकर पाठ होतें, हें निर्विवाद आहे. समजलेलें आपोआप टिकतें, असें मात्र यावरून निघत नाहीं, आणि शाळेंतला अनुभवही तसा नाहीं.

आतां मिटलेल्या पुस्तकाकडे वळावयाचें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील आर्थर गेट्स यानें १९१७ सालीं शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कांहीं मुलांना त्यानें सारा वेळ वाचूं दिलें. कांहींना थोडा वेळ वाचून उरलेला वेळ मनाशीं म्हणावयास लावलें, अडलें तरच कागदाकडे पाहावयाचें. निम्म्याहून अधिक वेळ म्हणण्यांत घालविणारांची सरशी झाली. १९३९ सालीं हर्बर्ट स्पिट्झर यानें आयोवा राज्यांतील सहावीच्या ३,६०५ मुलांना एक लेख वाचावयास दिला. वाचल्याबरोबर ज्यांना त्यावर प्रश्न विचारले गेले, त्यांच्या तो पुढें स्पष्टपणें अधिक लक्षांत राहिला. एवढा पुरावा हातीं असून शिक्षणशास्त्रानें त्याच्याकडे पुढील कित्येक दशकें जवळजवळ पाठच फिरविली. चांचणी म्हणजे केवळ मापन, ही समजूत इतकी दृढ होती कीं, तापमापक लावल्यानें रोग्याचा ताप उतरतो असें कोणी सांगावें, तसें हें बोलणें लोकांना वाटलें असावें.

तापमापकच औषध आहे हें ज्या प्रयोगानें पुन्हां लोकांच्या ध्यानीं आणून दिलें, तो २००६ सालीं सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनीं प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक लहानसा शास्त्रीय उतारा देण्यांत आला. अभ्यासासाठीं चार वेळा ठरविलेल्या होत्या. एका गटानें चारही वेळां उतारा वाचला. दुसऱ्या गटानें पहिल्या वेळेस वाचला, आणि पुढील तीनही वेळां कोऱ्या कागदावर आठवेल तेवढें लिहून काढलें. उतारा त्यांना पुन्हां दाखविलाच नाहीं. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां वाचणारांना ८३ टक्के आठवत होतें व लिहिणारांना ७१. इथवर घोकणाराची बाजू खरी ठरते. परंतु ज्यांची परीक्षा एका आठवड्यानें झाली, त्यांच्यांत उलट प्रकार दिसला : वाचणारांना ४० टक्के आठवलें, लिहिणारांना ६१ टक्के.

या प्रयोगांतील सर्वांत बोधप्रद भाग त्या आंकड्यांच्या बाजूला आहे. अभ्यास संपतांच विद्यार्थ्यांना विचारलें होतें कीं, आठवड्यानें हें तुम्हांला कितपत आठवेल. चार वेळां वाचणारांचा भरंवसा अधिक होता. धडपडत, अडखळत लिहिणारांचा कमी. म्हणजे ज्यांचें शिकणें कच्चें होतें त्यांना तें पक्कें वाटलें, आणि ज्यांचें पक्कें होत होतें त्यांना तें कच्चें वाटलें. शिकणाराच्या मनाची ही फसगत समजून घेण्यासारखी आहे. बाजारांत एखादा गृहस्थ समोरून येतो, चेहरा अगदीं ओळखीचा असतो, रामराम होतो, प्रकृतीची चौकशी होते, आणि तो निघून गेला तरी त्याचें नांव ओठांवर येत नाहीं. ओळखणें आणि आठवणें या मनाच्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पुन्हां पुन्हां वाचल्यानें वाढते ती ओळख. वाचन सुरळीत होऊं लागलें कीं, मन त्या सुरळीतपणालाच ज्ञान समजतें. कॅलिफोर्नियांतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बियॉर्क यांनीं १९९४ सालीं याच्या उलट बाजूला 'इष्ट अडचणी' असें नांव दिलें : शिकतांना थोडें अडखळावें लागलें तर तें शिकणें टिकाऊ होतें. आठवण्यासाठीं मनाला ज्या वाटेनें जावें लागतें, ती वाट रानांतल्या पाऊलवाटेप्रमाणें चालण्यानेंच पडते. तिच्याकडे कितीही वेळ पाहत राहिलें तरी ती पडत नाहीं.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांना ही गोष्ट प्रयोगावांचून ठाऊक होती. दिवेलागणीच्या वेळीं मुलांनीं परवचा म्हणावयाचा असा परिपाठ असे. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा तो चढता डोंगर. पुस्तक कोणाच्याही हातीं नसे; अडलें तर आजोबा पुढचा शब्द पुरवीत. एबिंगहाउसचें नांवही न ऐकलेल्या त्या वडीलधाऱ्यांनीं दोन्ही अटी बरोबर पाळल्या होत्या : उजळणी रोज थोडी थोडी, आणि तीही न पाहतां. साडेतीनपटीचा हिशेब बाजारांत नित्य करावा लागे, म्हणून औटकीपर्यंत चढण्याला अर्थ होता. १९५७ पासून नाणीं आणि मागोमाग वजनेंमापें दशमान झालीं व औटकीचें काम संपलें. त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्याबरोबर न पाहतां म्हणण्याची ती सांजवेळही घरांतून गेली, हें मात्र महागांत पडलें.

जुनें तें सारें सोनें असेंही नव्हे. परवच्याचा मुलगा पाढा घडाघडा म्हणे, पण त्याला मध्येंच 'सात आठे किती ?' असें विचारलें, तर तो मनांतल्या मनांत 'सात एके सात'पासून धांवत येऊन छप्पन्नावर पोंचे. त्याच्या स्मरणांत छप्पन्नाचा दुवा एकोणपन्नासाशीं जोडलेला होता, सातआठाच्या जोडीशीं नव्हे. मन एखादी गोष्ट काढतें तें कोणत्या तरी खुणेच्या आधारें काढतें, आणि सराव ज्या खुणेनें झाला असेल ती खूण नसली तर गोष्ट आंत असूनही हातीं लागत नाहीं. वेदपाठकांनीं क्रम, जटा, घन असे पाठ बनविले ते शब्द अचूक राखण्यासाठीं. त्यांत प्रत्येक पदाला मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशीं पुन्हां पुन्हां गांठ घालावी लागते. पाढ्यांच्या बाबतींत एवढी यातायात नको. क्रमानें म्हणून झाल्यावर दहा प्रश्न उलटसुलट विचारले, म्हणजे पुरे. गणिताच्या पुस्तकांतही तोच दोष नव्या वेषांत वावरतो. एका प्रकरणाखालीं एकाच जातीचीं वीस उदाहरणें असतात. मुलानें पहिलें सोडविलें कीं उरलेलीं एकोणीस रीत न शोधतां सुटतात, कारण रीत कोणती हें मथळ्यानेंच सांगितलेलें असतें. २००७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत विद्यार्थ्यांनीं घनफळाचीं उदाहरणें सोडविलीं, कांहींनीं एकाच जातीचीं सलग, कांहींनीं मिसळून. सरावाच्या वेळीं सलगवाल्यांचे गुण अधिक होते. आठवड्यानंतरच्या परीक्षेंत मिसळून सोडविणारांस ६३ टक्के मिळाले, सलगवाल्यांस २०.

वर्गांत हें सारें करावयाचें कसें ? साठ मुलें, पस्तीस मिनिटांचा तास आणि संपवावयाचा अभ्यासक्रम, ही शिक्षकाची अडचण खरी आहे. तथापि ज्याला साधनसामग्री लागत नाहीं असा मानसशास्त्राचा हा एक विरळा सल्ला आहे. तास सुरू होतांच फळ्यावर चार प्रश्न लिहावयाचे : दोन कालच्या पाठावरील, एक गेल्या आठवड्यांतील, एक गेल्या महिन्यांतील. मुलांनीं वही न उघडतां कागदाच्या तुकड्यावर उत्तरें लिहावयाचीं. लगेच बरोबर उत्तरें सांगावयाचीं आणि ज्याचीं त्यानें तपासावयाचीं. हें तपासणें वगळतां कामा नये. चुकीचें आठवलेलें तसेंच राहिलें तर त्याचीही पाऊलवाट पडते. गुण नोंदावयाचे नाहींत. सारें मिळून दहा मिनिटांचें काम.

नेहमींच्या वर्गांत शिक्षक प्रश्न विचारतात, नाहीं असें नाहीं. पण प्रश्न विचारतांच पहिल्या बांकावरचे चार हात वर होतात, त्यांतला एक उत्तर देतो, आणि पाठ पुढें सरकतो. आठवण्याचा व्यायाम झाला तो त्या चौघांना. उरलेलीं छप्पन्न मुलें उत्तर ऐकतात, 'हें तर येतच होतें' असें त्यांना वाटतें, आणि व्यायामावांचून तीं घरीं जातात. वर्षभरांत ज्यांना रोज व्यायाम मिळाला तीं हुशार ठरतात आणि ज्यांना मिळाला नाहीं तीं मंद. कागदाच्या तुकड्यावर मात्र शेवटच्या बांकावरील मुलालाही आपलें मन उघडावें लागतें.

'मंद' हा शिक्का फार सहज मारला जातो. ज्या आल्फ्रेद बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानें १९०५ सालीं बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली, तो स्वतः या शिक्क्याचा वैरी होता. मुलाची बुद्धि ही ठरीव वस्तु असून ती वाढवितां येत नाहीं, या मताचा त्यानें १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत कडक निषेध केला, आणि मागें पडणाऱ्या मुलांच्या अवधानाला व स्मरणाला वळण देण्यासाठीं व्यायाम सुचविले. त्याची कसोटी जगभर गेली. त्याचा निषेध मात्र फार थोड्यांनीं ऐकला.

परीक्षांनीं आधींच गांजलेल्या मुलांवर रोजची परीक्षा लादावयाची काय, असा आक्षेप येईल, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. मुलें भितात तीं प्रश्नाला नव्हे. त्या एका प्रश्नावर वर्ष टांगलेलें असतें, त्याला भितात. बिनगुणांच्या छोट्या चांचण्या नियमित देणाऱ्या अमेरिकेंतील वर्गांतून १,४०८ विद्यार्थ्यांना याविषयीं विचारलें होतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत ७२ टक्क्यांनीं सांगितलें कीं, अशा सरावानें मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली. भारतांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाच्या समजेचें सतत व सर्वंकष मूल्यमापन व्हावें असें म्हटलें. हेतु चांगला होता. परंतु पुष्कळ ठिकाणीं 'सतत' या शब्दाचा अर्थ सतत नोंदी करणें असा झाला, आणि मुलांनीं आठवावयाचा वेळ शिक्षकांच्या तक्त्यांत खर्ची पडला. ज्या चांचणीची नोंद ठेवावयाचीच नाहीं, ती सरकारी कागदांत बसविणें अवघड आहे हेंही खरें.

प्रश्नही केवळ सनावळीचे नकोत. 'पानिपतची तिसरी लढाई कोणत्या सालीं झाली ?' याच्या जोडीस 'मराठ्यांची रसद कां तुटली ?' हा प्रश्न हवा. पहिल्यासाठीं १७६१ हा आंकडा मनांतून काढावा लागतो. दुसऱ्यासाठीं यमुनेचीं वळणें, अब्दालीनें अडविलेल्या वाटा, सैन्याबरोबरचे यात्रेकरू हें सारें एकत्र ओढून आणावें लागतें. न समजलेली गोष्ट कितीही वेळां आठविली तरी ती समजत नाहीं; ती आधीं नीट शिकविलीच पाहिजे. मात्र कोऱ्या कागदापुढें बसल्यावर काय समजलेलें नाहीं, हें मुलाला आणि शिक्षकाला त्याच दिवशीं कळतें. एरवीं तें मार्चमध्यें कळतें.

दोन उजळण्यांत अंतर किती असावें, यावर २००८ सालीं अमेरिकेंत हजाराहून अधिक लोकांवर केलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठवड्यानें लागणारी गोष्ट असेल तर उजळणी एका दिवसानें केलेली उत्तम. वर्षानें लागणारी असेल तर सुमारें तीन आठवड्यांनीं. जूनमध्यें शिकविलेला धडा दहावीच्या मुलाला मार्चमध्यें लागावयाचा असतो. त्याचा पहिला प्रश्न दुसऱ्याच दिवशीं, मग जुलैच्या पहिल्या आठवड्यांत, मग गणपतीच्या सुटीनंतर, आणि एकदां दिवाळीनंतर विचारला, तर त्या धड्यावर वर्षभरांत वर्गाचीं दहा मिनिटेंही खर्च होत नाहींत.